चहाआधीचा तास

थायरॉईडची गोळी अगदी बारीक असते. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा हिस्सा. तळहात ओला असेल तर तिथंच चिकटून बसते. कडू नाही, फार महाग नाही, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचं नाव आहे. तिच्यासोबत येणारी अट मात्र तिच्या मानानं फार मोठी आहे. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही.

हे नगर जिल्ह्यात सांगायला सोपं आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून 'नगर' आहे, म्हणून मीही तेच लिहिते.) संगमनेर, राहाता, राहुरी हा दुधाचा पट्टा. डेअरीवर दूध वेळेत पोचायचं तर उजाडायच्या आत गोठा झाडून, वैरण टाकून, धारा काढून व्हायला हव्यात. या सगळ्याच्या आधी चहा. सासऱ्यांना चहा, गड्याला चहा, धारेला बसणाऱ्याला चहा, आणि पातेल्यात उरलेला घोट उभ्याउभ्या स्वतःला. दिवसाची किल्लीच तिथं फिरते. डॉक्टर ज्या तासाबद्दल बोलतात तो तास हा चहा करणाऱ्या बाईच्या नावावर कधी नव्हताच.

नगरच्या किल्ल्यात असा तास एका माणसाकडे होता, आणि तो माणूस कैदी होता. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी पकडून या किल्ल्यात आणली. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आचार्य नरेंद्र देव दम्यानं बेजार असतानाही इथं बौद्ध दर्शनाच्या ग्रंथांवर काम करत होते. मला त्यांतले मौलाना आझाद जास्त आठवतात. त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक म्हणजे या किल्ल्यात बसून लिहिलेली, तेव्हा टपालात पडू न शकलेली पत्रं. पहाटे तीन-चारच्या सुमारास जग झोपलेलं असताना मौलाना उठत, स्वतःचा चहा स्वतः करत आणि त्या चहावर पानंच्या पानं लिहीत. चिनी चहा, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास असलेला, दुधाविना. आपण दूध घालून करतो त्याला ते चहा मानायलाच तयार नव्हते; त्यांच्या हिशेबी तो पातळ हलवा. त्याच पुस्तकात, कलकत्त्यात पत्नी वारल्याचं कळल्यावर लिहिलेलं पत्रही आहे. तिच्या आजारपणात ते इथून हलू शकले नव्हते. तुरुंगवास होता, पण पहाट त्यांची स्वतःची होती. किल्ल्याच्या भिंतीबाहेरच्या मोकळ्या बाईला ती मिळत नाही, आणि तिच्या आजाराचं औषध नेमकं तेवढंच मागतं.

आजारही, थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडण्याचा, मुख्यतः बायकांचाच. पुरुषांच्या कितीतरी पट बायकांना होतो. विलियम गल यांनी लंडनमध्ये १८७३ साली त्याच्या परिणामांचं वर्णन केलं ते प्रौढ स्त्रियांचं: सुजट चेहरा, जड झालेली जीभ, मंदावलेली हालचाल. मूळ प्रक्रिया दिसली ती जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांना. फुकुओकाच्या क्यूशू विद्यापीठात असताना त्यांनी चार मध्यमवयीन स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ग्रंथीत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींची दाटी झालेली होती. तिथं एरवी त्यांचं काही काम नसतं. १९१२ मध्ये जर्मन नियतकालिकात हा लेख आला. पुढं हाशिमोतो विद्यापीठ सोडून आपल्या गावी, इगाला, घरचा दवाखाना चालवायला गेले आणि १९३४ मध्ये विषमज्वरानं वारले. त्या पेशी तिथं काय करत होत्या याचं उत्तर त्यांच्या हयातीत आलं नाही. गावाकडे परतलेल्या या डॉक्टराबद्दल मला माया वाटते. त्यांच्या नावाचा आजार जगभर झाला, त्यांनी आयुष्याची उरलेली वर्षं मात्र गावातले रुग्ण तपासले.

उत्तर यायला १९५६ उजाडलं. अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ यांनी सशाला त्याच्याच थायरॉईडचा अर्क टोचला, आणि सशाच्या रक्तात स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. त्यांचे गुरू अर्न्स्ट विटेब्स्की यांना हे पटेना. पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की शरीराला स्वतःवर विष उगाळायची धास्ती असते, ते तसं करणार नाही. आणि विटेब्स्की एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेतले. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात तीच प्रतिपिंडं दाखवली. परंपरा मोडली. शरीर स्वतःवर उलटू शकतं, हे मान्य करावं लागलं.

'उलटतं' म्हटलं की नगरकराला चांदबिबी आठवणारच. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगल शहजादा मुरादच्या फौजेनं तटाला खिंडार पाडलं तेव्हा ती स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला टिकत नाही हे तिनं ओळखलं आणि तहाचं बोलणं सुरू केलं. रूढ हकिकत अशी की किल्ल्यातल्या हमीदखानानं हाकाटी पिटली, बिबी शत्रूला सामील झाली. आणि तिच्याच शिपायांनी महालात घुसून तिला मारलं. पुढं थोड्याच दिवसांत किल्ला पडला. गंमत म्हणजे नगरबाहेरच्या डोंगरावरच्या ज्या वास्तूला सारा जिल्हा 'चांदबिबीचा महाल' म्हणतो ती सलाबतखानाची कबर आहे. ओळख पटण्यात घोटाळा व्हायचाच असेल तर तो मेल्यावरही होतो.

आपल्याच सैन्यानं आपल्याला शत्रू समजून मारणं. ऑटोइम्यून आजार समजावून सांगायला याहून नेमकी गोष्ट या जिल्ह्यात मिळणार नाही. पण ही गोष्ट मला आता पुरेशी वाटत नाही. वेढा कधीतरी उठतो किंवा किल्ला पडतो. इथं वर्षानुवर्षं काहीच उठत नाही आणि पडतही नाही. दुसरं असं की युद्धाच्या भाषेत कुणीतरी फितूर लागतो, आणि घरात बसलेली बाई तो फितूर स्वतःतच शोधू लागते. मी फार चिडचिड केली म्हणून झालं, बाळंतपणात नीट खाल्लं नाही म्हणून झालं, उपास केले म्हणून झालं, केले नाहीत म्हणून झालं. 'माझंच शरीर माझ्यावर उलटलं' या वाक्यात दुःख कमी आणि आरोप जास्त असतो. आधीच थकलेल्या बाईवर तो कशाला?

किल्ल्यापासून उत्तरेला नेवाशाला गेलं की त्याहून कामाची गोष्ट सापडते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, इथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तेराव्या अध्यायात विषय क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा. देह हे क्षेत्र, म्हणजे शेत. आणि ज्ञानदेव थेट मालकी हक्काच्या भांडणातच शिरतात. एक पक्ष म्हणतो शेत जीवाचं, प्राण हे त्याचं कूळ. प्राणाचे चार भाऊ इथं अंगमेहनतीनं राबतात, मन देखरेख करतं आणि इंद्रियांचे बैल वेळ-काळ न बघता जुंपलेले असतात. सांख्य उठून म्हणतात, छे, हे प्रकृतीचं. मग संकल्पवाले येतात, स्वभाववाले येतात, काळवाले येतात. प्रत्येकाकडे आपापला पुरावा. सातशे वर्षांपूर्वी शरीर कुणाचं हा प्रश्न कुळकायद्याच्या भाषेत मांडलेला वाचताना मला दर वेळी हसू येतं आणि मग येत नाही.

विसाव्या शतकातल्या रोगप्रतिकारशास्त्रानं हाच दावा नव्यानं दाखल केला. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लन बर्नेट यांनी 'स्व' आणि 'पर' हे दोन शब्द त्या शास्त्राच्या मध्यावर आणून बसवले. १९६० चं नोबेल त्यांना पीटर मेडावर यांच्याबरोबर मिळालं. आपलं काय आणि परकं काय हे शरीर जन्मतःच जाणत नाही, शिकतं, हा त्यातला गाभा. शिकवणीत स्वतःवर धावून जाणाऱ्या पेशी बाद केल्या जातात, काही निसटतात. निसटलेल्या आपल्या सगळ्यांच्याच अंगात थोड्याफार असतात. बहुतेकांत पुढं काही घडत नाही.

देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली (यादीत अहमदाबाद आहे, अहमदनगर नाही, खेडी तर नाहीतच). सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईडचं काम कमी पडत होतं, आणि ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं सुमारे २२ टक्क्यांत सापडली. म्हणजे प्रतिपिंडं असलेल्या निम्म्या लोकांची तरी ग्रंथी तेव्हा आपलं काम करत होती. बांधाचा दावा चालू आहे आणि पीकही उभं आहे, अशी ही अवस्था. जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दावा आजोबा दाखल करतात, तारखांना नातू जातो. तोवर शेत पडीक ठेवून कुणाचं भागलंय? मृगात पेरणी होतेच.

या आजाराचा उपचारही तसाच आहे, आणि हे अनेक रुग्णांना नीट सांगितलं जात नाही. ती बारीक गोळी प्रतिपिंडांना हात लावत नाही. ती भांडण मिटवत नाही, पेशींना समजावत नाही, ग्रंथी पूर्ववत करत नाही. ग्रंथीनं जे थायरॉक्सिन द्यायचं होतं ते बाहेरून भरून देते, इतकंच. म्हणून 'प्रतिपिंडं किती वाढली' हे दर तीन महिन्यांनी तपासत बसण्यात पैसे जातात आणि झोप जाते. बघायचा असतो तो टीएसएच. मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी थायरॉईडला कामाला लावण्यासाठी जो हॉर्मोन पाठवते, तो हा. थायरॉईड कमी पडली की टीएसएच चढतो, गोळीनं भरपाई झाली की उतरतो.

ही भरपाई पहिल्यांदा मेंढीनं केली. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचायला सुरुवात केली. ती त्यानंतर २८ वर्षं जगली, आणि त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशोब नोंदला गेला आहे. पारनेर-संगमनेरच्या माळांवरचे वाडे पाहिले की हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो: एका बाईमागं केवढा कळप. १९१४ च्या नाताळात रसायनशास्त्रज्ञ केंडल यांनी मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं, १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागलं, आणि पुढं हळूहळू मेंढ्या सुटल्या.

शरीरात गेलेलं थायरॉक्सिन अर्धं व्हायला आठवडाभर लागतो. या एका गोष्टीत आजाराचा निम्मा स्वभाव आहे. आज गोळी चुकली तर उद्या काही कळत नाही. पंढरीच्या वारीत, मोहटादेवीच्या नवरात्रात, भाच्याच्या लग्नात आठ दिवस राहिली तरी लगेच कुणी पडत नाही. मग 'घेतली काय नि नाही काय' असं वाटू लागतं. उलट डोस बदलल्यावर फरक दिसायलाही सहा ते आठ आठवडे जातात, म्हणून तपासणी त्याआधी करून उपयोग नसतो. थंडी वाजणं, अंग जड होणं, केस विंचरताना हातात येणं, पाळीचा घोळ, बद्धकोष्ठ, नाव ओठांवर असून न आठवणं: यातलं कुठलंच लक्षण एका दिवसात येत नाही की जात नाही. वजनाचा सगळा दोष मात्र लोक थायरॉईडवर टाकतात. त्याच्यामुळं वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोच असतं, आणि त्यातही पाणी नि क्षार बरेच. बाकीच्याचा जाब दुसरीकडं विचारावा.

याच कुटुंबातला दुसरा आजार ग्रेव्ह्जचा. तिथं प्रतिपिंडं ग्रंथी मारत नाहीत. टीएसएचचं सोंग घेऊन तिला दिवसरात्र पळवतात. छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं, काहींचे डोळे बाहेर येतात. कार्बिमाझोलनं ती आवरतात. नाही आवरली तर किरणोत्सारी आयोडीन. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हे काम चालू आहे. आयोडीन घेतलेले बरेच रुग्ण पुढं याच बारीक गोळीवर येतात: जादाचा आजार गेला, कमीचा पत्करला. हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा असतो, कारण कमी मोजून भरता येतं.

आता बाजरी. पाथर्डी, शेवगाव, पारनेर, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेतला टापू बाजरीवर जगला. निदान झालेल्या बाईला हल्ली पहिली ताकीद मिळते ती कोबी, फ्लॉवर आणि बाजरी बंद. तिच्यामागं शास्त्र आहे, नाही असं नाही. सुदानच्या दार्फूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंड फार, हे पाहून गैतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बाजरीतले काही फ्लेव्होन थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात असं दाखवलं. पण तिथं आयोडीनचीही वानवा होती, आणि ताटात दुसरं फारसं काही नव्हतं. आयोडीनयुक्त मीठ, डाळ, भाजी, दूध खाणाऱ्या बाईची भोगीची तीळ लावलेली भाकरी हाशिमोतो घडवत नाही. तो घडतो वेगळ्या वाटेनं, आनुवंशिकता आणि बऱ्याच न उलगडलेल्या कारणांतून. वर्ज्य पदार्थांची यादी लोकप्रिय का, तर ती फुकट असते आणि तिच्यात दोषी सापडतो. ज्या कोरडवाहू टापूत दुसरं धान्य विकत आणावं लागतं तिथं भाकरी बंद करायला सांगणं मला तरी बेजबाबदार वाटतं.

मिठाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड ओसरला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मंदबुद्धीपासून मुलं वाचली ती यामुळं. पुढं २००६ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की आयोडीन गरजेहून जास्त झालं तर ऑटोइम्यून थायरॉईडचं प्रमाण वाढतं. यावरून साधं मीठ टाकून महागडं सैंधव आणणाऱ्यांची नगरमध्येही कमतरता नाही. एकाचं जास्त झालं म्हणून दुसऱ्याचं काढून घ्यायचं, हे गणित गर्भातल्या मुलाच्या मेंदूला परवडणारं नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं ज्ञान दिलं आणि काम त्यांच्यावर सोपवलं. तेव्हाचे शत्रू दिसणारे होते: हगवण, धनुर्वात, कुष्ठरोग, दूषित पाणी. थायरॉईडला डोळ्यांना दिसेल असं काही नाही. तरी आरोळ्यांचा मूळ विचार, की ज्ञान दवाखान्यात ठेवलं तर कुजतं, इथंच जास्त लागू पडतो. कारण हा आजार सांभाळणारी व्यक्ती वर्षातले सगळे दिवस रुग्णच असते, डॉक्टर फार तर दोन-तीन. एक साधी गोष्ट घ्या. गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. नेमकी गरोदरपणातच थायरॉक्सिनची गरज वाढते. तिन्ही गोळ्या एकाच पिशवीत, एकाच वेळी, 'सगळ्या सकाळी घेऊन टाकते' म्हणून घेतल्या जातात आणि मग टीएसएच का उतरत नाही याचं कोडं पडतं. हे अंतर समजायला पदवी लागत नाही. आशाताईनं एकदा ओट्यावर बसून सांगितलं की पुरे.

"मावशी, ही आता कायमची," असं डॉक्टर सांगतात तेव्हा बायका विचारतात, "कायमची म्हणजे किती दिवस?" हा प्रश्न भाबडा नाही. कोरडवाहू जमिनीत कायमचं असं काही नसतं. पाऊस नाही, भाव नाही, कारखान्याचा हप्ता नाही. अशा हिशेबात रोजच्या एका गोळीची कायमची तजवीज बसवायला सांगायचं, तर ती बसेल कुठं हे आधी विचारायला हवं. तुम्ही सकाळी उठून पहिलं काय करता, एवढा प्रश्न चिठ्ठी लिहिण्याआधी क्वचितच येतो.

पहाट जमत नसेल तर पर्याय आहे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात २०१० मध्ये दिसलं की हीच गोळी रात्री झोपताना घेतली तर पातळी आणखी सुधारते. अट अशी की शेवटचं जेवण होऊन तीनेक तास झालेले असावेत. पुरुषांना हे लगेच जमतं. आठला जेवून अकराला गोळी. घरातल्या सगळ्यांना वाढून, गुरांना पाणी दाखवून, भांडी आवरून दहाला जेवायला बसणाऱ्या बाईनं ती रात्री एकला उठून घ्यावी लागेल. म्हणून काही समजूतदार डॉक्टर तिसरीच वाट काढतात. चहाबरोबर घ्यायची तर चहाबरोबर घ्या, पण रोज तशीच घ्या. जे वाया जाईल ते धरून डोस वाढवू, दोन महिन्यांनी रक्त बघू. पुस्तकात हे दुय्यम मानलं आहे. दुसरी वाट, बाईचं जेवण दोन तास अलीकडं आणण्याची, अजून कुणी चिठ्ठीवर लिहून दिलेली मी पाहिली नाही.